चारही चाकें ओढणारी गाडी : तिचा खर्च व निगा

आपल्या शेतकरीवर्गांत घरची मोटार ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. ज्या दारांत पूर्वीं छकडा सोडलेला असे, त्या दारांत आज मोटार उभी दिसते, व ती असल्यानें बाजार, दवाखाना, मुलांची शाळा आणि सोयरेधायरे हीं सर्व जवळ आलीं यांत शंका नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मात्र एक नवी गोष्ट विशेष दिसूं लागली आहे. ती ही कीं, गाडी घ्यावयाची तर ‘फोर-व्हील’च, म्हणजे चारही चाकांस एंजिनाचा जोर पोंचविणारीच घ्यावी, असा आग्रह घरांतील तरुण मंडळी धरूं लागली आहेत. पावसाळ्यांत शिवारापर्यंत गाडी जावी ही इच्छा वाजवीच आहे. परंतु विकणारा दुकानदार गाडीचे गुण तेवढे सांगतो. दरसालचा खर्च व निगा सांगणें हें तो आपलें काम समजत नाहीं. तें काम प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. महसुली कारकुनींत हयात गेल्यामुळें कोणतीही रक्कम सदराखालीं मांडल्याशिवाय तिच्याविषयीं मत देऊं नये, अशी आम्हांस संवय लागली आहे. त्याच रीतीनें येथें विचार करूं.

रचनेचा विचार

खर्च कोठें व कां होतो हें समजण्यास प्रथम रचना समजली पाहिजे. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं फिरतात; वळतांना एक चाक थोडें व दुसरें अधिक फिरलें तरी कोणाची अडचण होत नाहीं. मोटारीचें तसें नाहीं. तेथें चाकास जोर एंजिनाकडून येतो, म्हणून दोन चाकें एका दांड्यानें जोडावीं लागतात. आतां खळ्यावरील मळणीची पात डोळ्यांपुढें आणावी. मेढीजवळचा बैल थोडकें चालतो आणि कडेचा बैल पुष्कळ चालतो. दोघांस सारखेंच चालावयास लाविलें तर पात मोडेल. मोटार वळते तेव्हां आंतलें चाक मेढीच्या बैलासारखें व बाहेरचें चाक कडेच्या बैलासारखें असतें. दोघांस आपापल्या वेगानें फिरूं देऊनही जोर पोंचविणारी जी दांत्यांची पेटी, तिला डिफरन्शियल म्हणतात. ती मागील आंसाच्या मध्यावर फुगीर डब्यासारखी दिसते.

साध्या गाडींत जोर दोनच चाकांस जातो, म्हणून अशी एक पेटी पुरते. चारही चाकांस जोर द्यावयाचा तर पुढें एक व मागें एक अशा दोन पेट्या लागतात. शिवाय वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून मोठ्या वर्तुळांतून जातात, म्हणून पुढील व मागील आंसांमध्येंही कांहीं तरी सोय ठेवावी लागते. ही सोय कशी केली आहे, यावरून अशा गाड्यांचे तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार हातानें जोडण्याचा. नेहमीं दोनच चाकें ओढतात. चिखल लागला म्हणजे दांडी ओढून किंवा कळ फिरवून उरलेलीं दोन जोडावयाचीं. जुन्या जीपगाडीची हीच रचना, आणि आजच्या थार व जिम्नी या गाड्यांतही हीच आहे. यांत पुढील व मागील आंस एकदां जोडले कीं ते अगदीं पक्के जोडले जातात. दुसरा प्रकार सदैव चारही चाकें ओढण्याचा. त्यांत मध्यभागीं तिसरें डिफरन्शियल असतें. तिसरा प्रकार आपोआप जोडण्याचा. त्यांत पुढचीं चाकें घसरूं लागलीं कीं अनेक पदरांचा क्लच आवळला जाऊन मागच्या चाकांस जोर मिळतो. ग्रँड विटारा व तिच्यासारख्या घरगुती गाड्यांत ही व्यवस्था आढळते.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यांत असा. १९४१ सालापासून अमेरिकेंत युद्धासाठीं विलिस कंपनीच्या जीपगाड्या मोठ्या संख्येनें तयार झाल्या. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें तिची जुळणी आपल्या देशांत सुरू केली, व १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. या गाड्या कणखर खऱ्या, परंतु बायकामुलांस सुखानें बसण्याजोग्या नव्हेत. कुटुंबाची नेहमींची गाडी चारही चाकांनीं ओढली जावी ही कल्पना जपानांत रुजली. तेथील बर्फाच्या प्रदेशांतील एका वीज कंपनीच्या मागणीवरून सुबारु कंपनीनें काम हातीं घेतलें आणि १९७२ सालीं लिओन नांवाची लांब पाठीची गाडी या रचनेंत बाजारांत आणिली. सुबारु या जपानी शब्दाचा अर्थ कृत्तिका असा आहे. त्या नक्षत्राचे तारे कंपनीच्या चिन्हांत आहेत. १९८० सालीं जर्मनींत ऑडीची क्वाट्रो निघाली, आणि पुढें ही रचना सर्वत्र पसरली. बर्फासाठीं निघालेली युक्ति आपल्याकडील काळ्या चिखलास कितपत फायदेशीर, हाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

खरेदीच्या वेळचा खर्च

दुकानदार सांगतो ती किंमत व गाडी दारांत येईपर्यंत पडणारी किंमत यांत मोठें अंतर असतें. त्याचीं सदरें अशीं :

पहिलें सदर वस्तु व सेवा कराचें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के व बाकीच्यांवर ४० टक्के असा दर झाला. लहान गाडी म्हणजे जिची लांबी ४ मीटरांच्या आंत असून एंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० सी. सी. पर्यंत व डिझेलचें असल्यास १५०० सी. सी. पर्यंत आहे ती. चारही चाकें ओढावयास एंजिन दांडगें लागतें, म्हणून अशा गाड्या बहुधा ४० टक्क्यांच्याच वर्गांत पडतात. जिम्नीची लांबी ४ मीटरांच्या आंत असली तरी तिचें एंजिन १४६२ सी. सी. चें असल्यामुळें तीही सुटत नाहीं. हा कर दाखविलेल्या किंमतींत धरलेला असतो, म्हणून तो डोळ्यांस दिसत नाहीं इतकेंच.

दुसरें सदर राज्याच्या एकरकमी मोटारकराचें. महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें नोंदलेल्या पेट्रोलच्या गाडीस १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के व त्यावर १३ टक्के. डिझेलच्या गाडीस अनुक्रमें १३, १४ व १५ टक्के. म्हणजे जादा रचनेसाठीं किंमत वाढली कीं करही त्या प्रमाणांत वाढतो, आणि १० किंवा २० लाखांची मर्यादा थोडक्यांत ओलांडली तर वरचा दर लागू होतो. गाडी निवडतांना ही मर्यादा अवश्य पाहावी.

तिसरें सदर विम्याचें. दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा नव्या गाडीस तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. २०२२ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें १००० ते १५०० सी. सी. एंजिनास वर्षाचे ३,४१६ रुपये व त्यावरील एंजिनास ७,८९७ रुपये पडतात. म्हणजे १४६२ सी. सी. व २१८४ सी. सी. या दोन एंजिनांत केवळ या सदरीं दरसाल ४,४८१ रुपयांचा फरक. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा याहून निराळा. तो गाडीच्या किंमतीच्या मानानें वाढतो.

चौथें सदर पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १० लाखांहून अधिक किंमतीची मोटार विकतांना विक्रेता गिऱ्हाइकाकडून किंमतीच्या १ टक्का रक्कम आयकर म्हणून घेऊन सरकारांत भरतो. ही रक्कम बुडीत नव्हे, ती आपल्या नांवावर जमा असते. ज्याचें उत्पन्न केवळ शेतीचें आहे त्यास कर द्यावयाचा नसतो. परंतु विवरणपत्र भरल्याखेरीज ही जमा रक्कम परत येत नाहीं. १५ लाखांच्या गाडीवर १५ हजार रुपये केवळ कागद न भरल्यानें सोडून देणें हें शहाणपण नव्हे. याच ओघांत दुसरी गोष्ट सांगणें जरूर आहे. ‘गाडीचा घसारा दाखवून कर वांचतो’ असें दुकानांत ऐकावयास मिळतें. तें व्यापाऱ्यास लागू आहे. शेतीचें उत्पन्न मुळांत करमुक्त असल्यामुळें शेतकऱ्यास त्यांतून कांहींही वांचत नाहीं.

कर्ज काढून गाडी घेतली असल्यास नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा चढतो, जसा सात-बाराच्या इतर हक्कांत चढतो तसाच. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरतो असा समज चुकीचा आहे. बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ परिवहन कार्यालयांत देऊन तो कमी करून घ्यावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेंही प्रथम हाच बोजा पाहावा, आणि नमुना २९ व ३० वर सह्या होऊन नोंदणी आपल्या नांवें झाल्याखेरीज सर्व रक्कम हातावेगळी करूं नये.

दरसालचा जादा खर्च

आतां मुख्य प्रश्न. एकच गाडी दोन चाकें ओढणारी व चार चाकें ओढणारी अशी मिळत असेल, तर दुसरीस दरसाल किती अधिक पडतें? प्रथम इंधन घेऊं. ग्रँड विटाराच्या हातानें गिअर बदलण्याच्या गाडीचे २०२२ सालीं जाहीर झालेले चांचणीचे आंकडे असे आहेत : दोन चाकें ओढणारी लिटरास २१.११ किलोमीटर, चार चाकें ओढणारी १९.३८ किलोमीटर. रस्त्यावर दोन्ही आंकडे याहून कमी येतात, पण त्यांचें एकमेकांशीं प्रमाण साधारण तेंच राहतें. वर्षास १५,००० किलोमीटर फिरणें धरल्यास पहिलीस सुमारें ७११ लिटर व दुसरीस ७७४ लिटर पेट्रोल लागेल. फरक ६३ लिटरांचा. लिटराचा भाव हिशेबाच्या सोयीसाठीं १०० रुपये धरला तर ६,३०० रुपये. लोक ज्या खर्चाची सर्वांत अधिक धास्ती घेतात तो हा खर्च वस्तुतः सर्वांत मोठा नाहीं, हें पुढें दिसेल.

खालील मांडणींतील बाकीचे आंकडे आम्हीं नमुन्यादाखल धरले आहेत. प्रत्येकानें त्या जागीं आपल्या गाडीचे आंकडे घालावे. किंमतींतील फरक दीड लाख रुपये, त्यावर १२ टक्क्यांप्रमाणें मोटारकर १८ हजार, मिळून १ लाख ६८ हजार. दहा वर्षांनीं विकतांना या जादा रचनेबद्दल ३० हजार अधिक मिळतील असें मानूं.

घसारा : १,३८,००० रुपये दहा वर्षांत, म्हणजे दरसाल १३,८०० रुपये.
व्याज : गुंतलेल्या रकमेची सरासरी ९९,००० रुपये, ९ टक्के दरानें ८,९१० रुपये.
इंधन : ६,३०० रुपये.
जादा पेट्यांचें वंगण : १,५०० रुपये.
टायरांचा जादा खर्च : ३,००० रुपये.
विम्याची जादा रक्कम : १,५०० रुपये.
एकूण : ३५,०१० रुपये.

यांत घसारा व व्याज मिळून २२,७१० रुपये, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश खर्च, गाडी दारांत उभी राहिली तरी होणारा आहे. आतां वर्षांत ज्या दिवशीं चारही चाकांची खरोखर गरज पडली ते दिवस मोजावे. असे दिवस ३५ भरले तर प्रत्येक दिवस हजार रुपयांस पडला. सातच भरले तर पांच हजारांस. हा आंकडा काढल्याशिवाय कोणींही गाडी ठरवूं नये.

टायरांची बाब

या गाड्यांच्या मालकांस सर्वांत अनपेक्षित खर्च येतो तो टायरांचा. साध्या गाडींत दोन टायर झिजले तर दोनच बदलतां येतात. सदैव किंवा आपोआप चारही चाकें ओढणाऱ्या गाडींत तसें चालत नाहीं. कारण असें. ६९० मिलिमीटर व्यासाचें चाक एका फेऱ्यांत सुमारें २१६८ मिलिमीटर अंतर कापतें. नव्या टायराची नक्षी ८ मिलिमीटर खोल व झिजलेल्याची ३ मिलिमीटर असली, तर झिजलेलें चाक दर फेऱ्यास ३१ मिलिमीटर मागें पडतें. एका किलोमीटरांत ४६० वर फेरे होतात, म्हणजे किलोमीटरामागें सुमारें १४ मीटरांचा फरक पडतो. रस्ता सरळ असतांही गाडी सतत वळतच आहे असें मधल्या क्लचास किंवा पेटीस वाटत राहतें. ती तापते, तिचें वंगण जळतें व अखेर ती निकामी होते. टायराचे पैसे वांचवूं पाहणारा पेटीचे पैसे भरतो, ते असे.

म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे व सारखे झिजलेले असावे. दर १०,००० किलोमीटरांस त्यांची अदलाबदल करावी, आणि पांचवें चाक पुऱ्या मापाचें असल्यास त्यासही पाळींत घ्यावें. पुष्कळ नव्या गाड्यांत स्टेपनी लहान मापाची येते. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती आहे, तिच्यावर मुक्कामाचा प्रवास करूं नये. हवा दर पंधरा दिवसांनीं टायर थंड असतांना पाहावी. नक्षी १.६ मिलिमीटरांहून कमी झालेला टायर कायद्यानें रस्त्यावर चालत नाहीं. चिखलासाठीं तर तो त्याच्या पुष्कळ आधींच निरुपयोगी होतो.

हातानें जोडण्याच्या गाडीचा नियम याहून निराळा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकें जोडून ती चालवूं नये. पुढील व मागील आंस पक्के जोडलेले असतां वळणावर कोणास तरी घसरावें लागतें. चिखलांत चाक सहज घसरतें, डांबरावर घसरत नाहीं, व सर्व ताण दांत्यांवर येतो. मात्र ही जोडणी वर्षभर न वापरतां तशीच ठेवणेंही बरें नव्हे. महिन्यांतून एकदां मातीच्या रस्त्यावर दहापंधरा किलोमीटर ती जोडून चालवावी, म्हणजे पुढील पेटींत वंगण सर्वत्र पोंचतें व जोडण्याची कळ गंजत नाहीं.

वंगण व पाणी

साध्या गाडींत मालकास एंजिनाचें तेल ठाऊक असतें. येथें गिअरपेटी, जोर वांटणारी पेटी, पुढील डिफरन्शियल व मागील डिफरन्शियल अशीं आणखी चार ठिकाणें पाहावीं लागतात. कोणत्या गाडींत कोणत्या स्वतंत्र आहेत तें तिच्या पुस्तिकेंत असतें. एंजिनाचें तेल बहुतेक गाड्यांत दर १०,००० किलोमीटरांस किंवा वर्षास बदलतात. पेट्यांचें तेल पुष्कळ अधिक काळ चालतें, आणि म्हणूनच त्याचा विसर पडतो. प्रत्येक पेटीस तिच्यासाठीं नेमलेलेंच तेल घालावें; मिस्त्रीकडे उघडा असेल त्या डब्यांतलें नव्हे.

ओढा किंवा सांचलेलें पाणी ओलांडल्यावर विशेष दक्षता पाहिजे. चालून तापलेली पेटी थंड पाण्यांत शिरली कीं आंतील हवा आकसते, आणि पेटीची श्वासनळी पाण्याखालीं असेल किंवा सील झिजलें असेल तर पाणी आंत ओढलें जातें. दुसऱ्याच दिवशीं मिस्त्रीकडून पेटीचें तेल पाहून घ्यावें. तें चहासारखें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें समजून तें तात्काळ काढून टाकावें. थोडें तेल वायां गेलें तरी चालेल, परंतु दांते गंजतां कामा नयेत.

पुढील चाकांच्या सांध्यांवर रबराचीं घडीदार टोपणें असतात. बाभळीचा कांटा किंवा तुरीचा खुंट लागून तीं फाटतात, आंतील ग्रीस उडून जातें व माती शिरते. टोपण वेळींच बदललें तर थोडक्यांत भागतें. सांधा गेला तर अनेकपट खर्च येतो. म्हणून शिवारांतून आल्यावर आठवड्यांतून एकदां वांकून गाडीचें पोट पाहावें. चिकटलेली काळी माती धुवून काढावी. ती वाळली कीं चाकाचा तोल बिघडतो व ब्रेकांच्या पट्ट्या झिजतात. कोंकणांतील समुद्रकांठच्या बंधूंनीं तर खारी हवा लक्षांत घेऊन गोड्या पाण्यानें खालची बाजू नेहमीं धुवावी. हवेची जाळी धुळीच्या रस्त्यावर पुस्तिकेंत सांगितल्याहून लवकर भरते, तीही पाहत जावी. आणि गाडी कडब्याच्या गंजीशेजारीं उभी करूं नये; उंदीर एंजिनांत शिरून तारा कुरतडतात.

गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरास दोर बांधून ओढत नेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पुढचीं किंवा मागचीं दोनच चाकें उचलून ही गाडी ओढली तर जमिनीवरील चाकें पेट्या फिरवीत राहतात आणि त्या मोडतात. पुस्तिकेंत ओढण्याची रीत दिलेली असते ती पाहावी. संशय असल्यास चारही चाकें वर घेणारी गाडी बोलवावी.

डिझेल, युरिया व पेट्रोल

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. सांचलेली काजळी जाळून टाकण्यास तिला चांगली उष्णता लागते, व ती मोठ्या रस्त्यावर वीसएक मिनिटें एका चालीनें गेल्याशिवाय येत नाहीं. घर ते मळा एवढ्याच दोन किलोमीटरांच्या खेपा करणाऱ्याची गाळणी तुंबते. अशा मालकानें आठवड्यांतून एकदां लांबची खेप करावी, किंवा पेट्रोलची गाडी घ्यावी.

कांहीं डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचा द्रव निराळ्या टाकींत भरावा लागतो. त्यांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी निर्मळ पाणी असतें. ‘युरियाच तो, आपल्या गोणींतला विरघळवून घालूं’ असें कोणी म्हणेल तर त्यास थांबवावें. शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. तें तेल व इतर अंश बारीक फवाऱ्यांत बसून सर्व यंत्रणा बिघडते. शिवाय अनुदानाचें खत दुसऱ्या कामीं वापरणें हा गुन्हा आहे.

पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें येतें. उसाच्या रसापासून व मळीपासूनही तें होत असल्यामुळें आपला त्यांत लाभ आहे. परंतु इथेनॉलांत लिटरामागें पेट्रोलाहून सुमारें एक तृतीयांश कमी उष्णता असते, म्हणून गाडीची चाल लिटरामागें थोडी घटते. जुनी गाडी घेणाऱ्यानें ती या मिश्रणास योग्य आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. तशी नसल्यास रबरी नळ्या लवकर खराब होतात.

धोक्याचा इशारा

चारही चाकें गाडी पुढें ओढतात, पण तीं गाडी थांबवीत नाहींत. ब्रेक तर प्रत्येक गाडीस चारही चाकांना असतातच. म्हणून निसरड्या उतारावर ही गाडी साध्या गाडीहून लवकर थांबेल ही समजूत प्राणघातक आहे. उलट तिचें वजन अधिक असतें, आणि चढ सहज चढून गेल्यामुळें चालविणाऱ्याचा धीर नको तितका वाढतो.

दुसरा धोका पाण्याचा. वाहतें पाणी फूटभर खोल असलें तरी लहान मोटार तरंगूं लागते, व दोन फूट पाणी बहुतेक सर्व गाड्या, चारही चाकें ओढणाऱ्या धरून, वाहून नेतें. चाकें जमिनीवरून उचललीं गेल्यावर तीं दोन ओढतात कीं चार, याला कांहीं अर्थ उरत नाहीं. पुलावरून पाणी जात असतां काठावर थांबावें, मग गाडी कोणतीही असो.

तिसरी गोष्ट विम्याची. घरच्या गाडींतून भाडें घेऊन माणसें नेलीं, तर अपघाताच्या वेळीं विमा कंपनी दावा नाकारूं शकते. चार पैशांच्या मोहानें जमिनीवर जबाबदारी ओढवून घेऊं नये.

कोणीं घ्यावी

वरील हिशेबावरून ही गाडी कोणींच घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचें घर घाटमाथ्यावर किंवा कोंकणांतील उभ्या चढावर आहे, ज्यास भर पावसांत रोज दोन वेळां दूध पोंचवावें लागतें, ज्याच्या वस्तीवरून अपरात्रीं बाळंतीण किंवा आजारी माणूस तालुक्यास न्यावयाचें तर दुसरें साधन नाहीं, त्यास पस्तीस हजार रुपये जड वाटूं नयेत. तेथें हिशेब केवळ पैशाचा नसतो. परंतु ज्याच्या दारापर्यंत डांबरी सडक आहे व चिखल केवळ मळ्याच्या वाटेवर वर्षांतून आठदहा दिवस लागतो, त्यानें चांगले टायर व उंच पोटाची दोन चाकें ओढणारी गाडी घेऊन उरलेला पैसा विहिरीस किंवा ठिबकास लावावा. काळ्या रेगडींत गाडीचें पोट एकदां टेकलें कीं चारही चाकें जागच्या जागीं फिरतात, आणि मग शेवटीं बैल किंवा ट्रॅक्टरच आणावा लागतो.

आणखी एक विचार सुचवितों. एका पाणंदीवरच्या चार शेतकऱ्यांनीं अशा चार गाड्या घेतल्या तर वरच्या मांडणीप्रमाणें ते मिळून दरसाल १ लाख ४० हजार रुपये चिखलास देतात, आणि पाणंद तशीच राहते. तीच रक्कम एकदां मुरूम व चरी यांवर खर्च केली तर बैलगाडी, ट्रॅक्टर व मोटार या सर्वांची सोय होते. पाणंद कोणीं अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खालीं, व शेतास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खालीं तहसीलदारांकडे अर्ज करतां येतो. शेत व पाणंद रस्त्यांसाठीं राज्य सरकारनें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजनाही सुरू केली होती. तिची चौकशी ग्रामपंचायतींत करावी.

ज्यांनीं गाडी घेतलीच आहे त्यांनीं शंभर पानांची एक वही घालावी. तारीख, किलोमीटर, इंधन, वंगण, टायर, दुरुस्ती व विमा अशीं सदरें आंखून प्रत्येक खर्च त्याच दिवशीं लिहावा. आणि शेवटचें सदर ‘चारही चाकें लागलीं तो दिवस’ असें ठेवावें. दिवाळींत जशी शेताची बेरीज करतों तशी या वहीचीही करावी. पुढची गाडी कोणती घ्यावी याचें उत्तर दुकानदारास विचारण्याचें कारण पडणार नाहीं. तें वहींतच लिहिलेलें सांपडेल.